धर्मग्रामाचा क्लब व त्याचे खेळाडू

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत आम्ही फुटबॉलाविषयीं लिहावयास बसलों आहों, हें पाहून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु देवळाच्या आवारांत सायंकाळीं चेंडूचा आवाज ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस हा विषय अगदींच परका वाटूं नये. गोव्यांत शिवोली गांवीं हा खेळ १८८३ सालीं प्रथम आणिला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या धर्मगुरूंनीं, असें सांगतात. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं दूर स्कॉटलंडांत, ग्लासगो शहरीं, एका धर्मग्रामाच्या सभागृहांत जो क्लब जन्मास आला, त्याची हकीकत येथें द्यावयाची आहे. खेळाडू कोठून आणावे, कोणास घ्यावें आणि त्यांस वाढवावें कसें, हा प्रश्न प्रत्येक क्लबापुढें येतोच. पण ह्या क्लबापुढें तो फार निकरानें आला.

ग्लासगोच्या पूर्व भागांत आयर्लंडांतल्या दुष्काळानंतर आलेलीं कॅथोलिक कुटुंबें दाटीवाटीनें राहत व त्यांचीं मुलें पुष्कळदां उपाशीपोटीं शाळेंत येत. मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड हे तेथील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनीं मुलांसाठीं भोजनपंक्ति सुरू केल्या होत्या. परंतु पैसा पुरेना. शेवटीं ता. ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं कॅल्टन भागांतील सेंट मेरी देवळाच्या सभागृहांत सभा भरून सेल्टिक क्लब स्थापन झाला. सामन्यांच्या उत्पन्नांतून सेंट मेरी, सेक्रेड हार्ट व सेंट मायकल ह्या तीन धर्मग्रामांतल्या गरीब मुलांस जेवण मिळावें, हा हेतु.

हेतु उत्तम होता, पण खेळाडू कोठें होते? येथें आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. एडिंबरो येथें कॅनन एडवर्ड हॅनन ह्यांच्या आश्रयाखालीं १८७५ पासून हिबर्नियन नांवाचा कॅथोलिक तरुणांचा क्लब होता. कॅथोलिक युवकसंघाच्या सभासदांसच त्यांत प्रवेश असे. ह्या क्लबानें १८८७ च्या फेब्रुवारींत स्कॉटिश कप जिंकला, तेव्हां ग्लासगोकरांनीं त्याचा सत्कार केला तो ह्याच सेंट मेरीच्या सभागृहांत! सेल्टिकची कल्पना तेथेंच मूळ धरूं लागली. आणि पुढच्याच वर्षीं सेल्टिकच्या चालकांनीं हिबर्नियनचे कित्येक नामांकित खेळाडू आपल्याकडे ओढून घेतले. खेळाडूंस वेतन देण्याची मुभा स्कॉटलंडांत १८९३ पर्यंत नव्हती. मग हे खेळाडू कशाच्या लोभानें गेले, हें वाचकांनींच ताडावें. ता. २८ मे १८८८ रोजीं सेल्टिकनें आपल्या पहिल्या सामन्यांत रेंजर्सवर ५-२ असा विजय मिळविला, आणि १८९१ सालीं हिबर्नियनला आपला खेळच बंद ठेवावा लागला. पुढें तो क्लब पुन्हां उभा राहिला. तथापि गरिबांच्या ताटासाठीं शेजारच्या भावाचें घर रिकामें करावें, हें कृत्य आमच्या मनास अद्याप पटत नाहीं.

हिबर्नियनची एक रीत मात्र सेल्टिकनें उचलली नाहीं. खेळाडू कॅथोलिकच असला पाहिजे, असा नियम तेथें रुजला नाहीं. १८९२ सालीं ब्रदर वॉलफ्रिड ह्यांची बदली लंडनला झाली व १८९७ सालीं क्लब मर्यादित भांडवलाची कंपनी बनला; त्याबरोबर भोजनपंक्तींचा वांटाही आटला. त्याच सालीं मॅनेजर झालेले विली मॅली १९४० पर्यंत त्या जागीं होते. मोठ्या किंमतीचे खेळाडू विकत घेण्यापेक्षां होतकरू पोरें हेरून तयार करण्याकडे त्यांचा कल असे, व अशाच संघानें १९०५ पासून १९१० पर्यंत लागोपाठ सहा वेळां लीगचें अजिंक्यपद मिळविलें.

आतां ज्यांच्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, त्या जॉक स्टीन ह्यांच्याकडे येऊं. लॅनार्कशायरमधील हे कोळशाच्या खाणींतले मजूर, धर्मानें प्रॉटेस्टंट. डिसेंबर १९५१ मध्यें वेल्समधील लानेली येथून सेल्टिकनें त्यांस बोलाविलें, तें राखीव संघांतल्या पोरांना सांभाळून घेणारा अनुभवी खेळाडू म्हणून. पुढें घोट्याच्या दुखापतीनें खेळणें संपलें व १९५७ पासून राखीव संघ त्यांच्या हातीं आला. उंच शरीराचा बिली मॅकनील व जॉन क्लार्क हीं पोरें ह्याच शाळेंत घडलीं. स्टीन १९६० सालीं दुसरीकडे गेले आणि मार्च १९६५ मध्यें सेल्टिकचे मॅनेजर होऊन परतले. ह्या पदावर बसलेले ते पहिले प्रॉटेस्टंट गृहस्थ.

त्यांनीं केलें काय? नवे खेळाडू थोडेच आणिले. असलेल्यांस मात्र नव्या जागा दिल्या. बॉबी मर्डॉक पुढच्या फळींत घुटमळत असे, त्यास मागें मधल्या फळींत आणिलें. बर्टी ऑल्ड डाव्या कडेवरचा, त्यास मध्यभागीं घेतलें. टॉमी गेमेल हा बचावाचा गडी. त्यास पुढें धावून जाण्याची मोकळीक दिली. सराव चेंडूवांचून नव्हे, चेंडूनेंच. गोलरक्षक रॉनी सिम्पसन ह्यांस तर हिबर्नियनचे मॅनेजर असतांना स्टीन ह्यांनीं स्वतःच सेल्टिकला विकून टाकिलें होतें. ते येथें पुन्हां त्यांच्या पदरीं पडले! विली वॉलेस मात्र १९६६ च्या डिसेंबरांत ३०,००० पौंड मोजून घेतला. ता. २५ मे १९६७ रोजीं लिस्बन येथें ह्या संघानें इंटर मिलानचा २-१ असा पराभव करून युरोपियन कप जिंकला, व तो मान मिळविणारा हा पहिला ब्रिटिश क्लब ठरला. बरोबरीचा गोल गेमेलचाच. अकराही खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून सुमारें तीस मैलांच्या आंत जन्मलेले होते. आणि गेमेल, सिम्पसन, वॉलेस हे कॅथोलिक नव्हते.

समान गुणांचे दोन खेळाडू असले, एक कॅथोलिक व एक प्रॉटेस्टंट, तर आधीं कोणास घ्याल, असें त्यांस एकदां विचारण्यांत आलें, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रॉटेस्टंटास, असें त्यांनीं सांगितलें म्हणतात. कारण कॅथोलिकास रेंजर्स घेणारच नाहींत, तो कोठें जातो! आणि हें खरेंच होतें. रेंजर्सनें उघडपणें कॅथोलिक असलेला नामांकित खेळाडू घेतला तो १९८९ सालीं. डॅनी मॅकग्रेन ह्या मुलास रेंजर्सच्या माणसानें केवळ नांवावरून कॅथोलिक समजून सोडून दिलें. तो होता प्रॉटेस्टंट, आणि सेल्टिकचा कप्तान झाला!

पाठीराख्यांशीं स्टीन ह्यांचें बोलणें नेहमींचें. त्यांच्या मंडळांच्या मेळाव्यांस ते जात, पोरांविषयींच्या शंकांस उत्तरें देत. पण तें सारें गोडच असे, असें मात्र नव्हे. ऑगस्ट १९७२ मध्यें स्टर्लिंग येथील सामन्यांत सेल्टिकचे कांहीं पाठीराखे आयर्लंडांतील बंडखोरांचीं गाणीं गाऊं लागले, तेव्हां स्टीन स्वतः कठडा ओलांडून गर्दींत शिरले व त्यांस तोंडावर जाब विचारिला. ज्या संघांत दोन्हीं पंथांचीं पोरें एका पेल्यासाठीं घाम गाळितात, त्याच्या नांवानें असलीं गाणीं गावयाचीं नाहींत, हें सांगावयास दुसरा माणूस पाठवून चाललें नसतें, असें आम्हांस वाटतें.

एका प्रश्नाचें उत्तर मात्र त्यांच्याजवळही नव्हतें. केनी डाल्ग्लिश हा रेंजर्सभक्त घरांतला मुलगा. १९६७ सालीं सेल्टिकचे शॉन फॅलन त्याच्या घरीं आले, तेव्हां त्यानें भिंतीवरचीं रेंजर्सचीं चित्रें घाईघाईनें उतरविलीं. त्यास दहा वर्षें घडविलें, आणि ऑगस्ट १९७७ मध्यें लिव्हरपूलनें ४,४०,००० पौंड देऊन त्यास नेलें. जें १८८८ सालीं एडिंबरोकरांवर ओढवलें, तेंच आतां ग्लासगोकरांवर. पुढील मोसमांत सेल्टिक लीगमध्यें पांचव्या स्थानीं घसरला, व १९७८ सालीं स्टीन ह्यांनीं ती जागा सोडली. त्यांच्या गौरवार्थ त्याच ऑगस्टांत सेल्टिक व लिव्हरपूल ह्यांचा सामना झाला. डाल्ग्लिश लिव्हरपूलचा कप्तान होऊन मैदानांत उतरला. आणि ज्यांनीं त्यास पोरपणापासून पाहिलें होतें, त्याच पाठीराख्यांनीं, स्टीन ह्यांच्या देखत, त्याची हुर्यो केली.