एक्सएमएल ते जेसन : एका लिप्यंतराचा इतिहास (थ्रेड)

१/ लिपी बदलली की मजकुरातले काय टिकते आणि काय गळते, हा दप्तरखान्यातला जुना प्रश्न. संगणकातील माहितीलाही तो चुकलेला नाही.

२/ एक्सएमएलचे कूळ दस्तऐवजांचे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर व लोरी यांनी जीएमएल ही खुणांची भाषा घडवली. तिच्यापासून निघालेली एसजीएमएल १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली, आणि तिचेच सुटसुटीत रूप म्हणजे १० फेब्रुवारी १९९८ रोजी मान्यता पावलेली एक्सएमएल.

३/ जेसनचे कूळ निराळे. जावास्क्रिप्ट भाषेतच दडलेली ही लेखनपद्धती २००१ च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड यांनी वेगळी काढून तिला रूढ केले. ती आटोपशीर होती आणि ब्राउझरला सहज वाचता येई. पुढे ट्विटरने आपल्या एपीआयच्या १.१ या आवृत्तीतून एक्सएमएल वगळून केवळ जेसन ठेवले.

४/ जुनी माहिती मात्र एक्सएमएलमध्येच होती. म्हणून रूपांतर करणाऱ्या लायब्ररी आल्या. एक्सएमएलच्या घटकाला गुणधर्म जोडता येतात. जेसनमध्ये त्यांच्यासाठी वेगळी जागाच नाही. जेम्स न्यूटन-किंग यांच्या जेसन डॉट नेटने तोडगा काढला : गुणधर्माच्या नावाआधी '@' लावायचे.

५/ दुसरा पेच अधिक फसवा. एका ग्रंथाच्या नोंदीत दोन लेखक असतील, तर जेसनमध्ये त्यांची यादी होते. एकच असेल, तर नुसते नाव उरते. यादीची अपेक्षा धरणारा प्रोग्राम तेथेच अडखळतो. त्यासाठी या लायब्ररीत 'एकच असला तरी यादी समजा' असे मूळ एक्सएमएलमध्येच नोंदवण्याची सोय करावी लागली.

६/ इतिहासाच्या अभ्यासकाला तिसरा पेच जिव्हाळ्याचा. १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या पद्धतीने हस्तलिखिते एक्सएमएलमध्ये उतरवली जातात. तेथे वाक्याच्या मधोमध व्यक्तिनाम, खाडाखोड, गाळलेला शब्द यांच्या खुणा येतात. सरधोपट रूपांतरात मजकुराचे तुकडे एकीकडे व खुणा दुसरीकडे गोळा होतात. शब्द सारे उरतात, पण त्यांचा क्रम हरवतो. आणि क्रम हरवला की वाक्यच हरवते.

७/ म्हणून एक हरले व दुसरे जिंकले, असे म्हणणे उथळ ठरेल. नोंदींसाठी जेसन सोयीचे, तर सलग लेखनासाठी एक्सएमएल. मोडी कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर झाले, म्हणून मूळ कागद कोणी रद्दीत घालत नाही. येथेही नियम तोच : रूपांतर खुशाल करावे, मूळ मात्र जपावे.