साखरेचा आकडा ठरवला कोणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साखर कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत आपल्या सोलापूरचे नाव हमखास घेतले जाते. याच सोलापुरात औषधांच्या दुकानात बसून मी वर्षानुवर्षे एकच प्रश्न ऐकतो आहे : 'माझी साखर इतकी आली, बरी आहे ना हो?' रिपोर्टवर १४० असो की २१०, प्रश्न तोच. त्याचे उत्तर सर्वांसाठी एकाच आकड्यात देता येत नाही. का, ते समजण्यासाठी या आकड्याचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

मधुमेह हा शब्द आपल्या प्राचीन वैद्यकाचा. मधासारख्या गोड मूत्राची नोंद चरक-सुश्रुतांच्या संहितांत आहे. मोजमाप मात्र फार उशिरा आले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी एक निळे द्रावण तयार केले. त्यात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी होत गेला तर साखर वाढलेली. 'नळी निळी राहिली पाहिजे' हेच त्या काळचे उद्दिष्ट. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. म्हणजे रक्तात १७० असले तरी नळी निळीच, आणि रोगी निर्धास्त!

पुढे रक्ततपासणी रुळली, पण ती त्या घटकेची साखर सांगते. १९६८ मध्ये तेहरानमधील सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात साखर चिकटलेले हिमोग्लोबिन अधिक आढळले. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हे प्रमाण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. हीच आजची 'एचबीए१सी' तपासणी. आदल्या रात्री जेवण टाळून हा आकडा सुधारत नाही.

औषधांची कथाही अशीच वळणावळणाची आहे. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध दिले, तेव्हा त्यांची साखर धोकादायकरीत्या खाली गेली. त्या अपघातातून सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या निघाल्या. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड याच घराण्यातल्या. दुसरी प्रसिद्ध गोळी मेटफॉर्मिन. तिचे मूळ युरोपातील गॅलेगा या वनस्पतीपर्यंत जाते. मधुमेहावर ती उपयोगी पडते हे झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मांडले. दोन्ही साखर उतरवतात, पण फरक मोठा आहे. सल्फोनिलयुरिया शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. एकटी मेटफॉर्मिन सहसा साखर फार खाली नेत नाही.

मग साखर किती खाली आणावी? ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात टाइप टू मधुमेहाचे नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेतले. १९९८ मध्ये निष्कर्ष आले. काटेकोर उपचारांच्या गटाची एचबीए१सी ७ टक्के, दुसऱ्याची ७.९, एवढ्याशा फरकाने डोळे-मूत्रपिंडांसारखे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. ७ च्या आकड्याला बळ मिळाले ते येथून.

साहजिकच वाटले, ७ चांगले तर ६ आणखी चांगले. अमेरिका व कॅनडात दहा हजारांवर रुग्णांवर तेही करून पाहिले. हे रुग्ण सरासरी ६२ वर्षांचे, मुरलेल्या मधुमेहाचे, अनेकांना आधीच हृदयविकार. ६ च्या खाली आणण्याच्या गटात २५७ मृत्यू झाले, तर ७ ते ७.९ ठेवलेल्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये तो कडक उपचार मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

दोन्ही अभ्यास खरेच होते; माणसे वेगळी होती. म्हणूनच २०१२ मध्ये अमेरिका व युरोपातील मधुमेह संघटनांनी संयुक्तपणे सांगितले की, उद्दिष्ट माणसागणिक ठरवावे. आजार नवा आहे, वय कमी आहे, तर ७ किंवा त्याहूनही थोडे कमी. वय झालेले, सोबत हृदय-मूत्रपिंडांचे दुखणे, साखर वारंवार एकदम उतरते, तर ८ च्या आसपासही चालेल. औषधही आता केवळ साखर पाहून ठरत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकार असलेल्या मधुमेहींमधील मृत्यू घटतात, हे २०१५ मध्ये दिसून आले.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची तुलना आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेह का गाठतो, हे त्यावरून उमगते. शिवाय तो आपल्याला लवकर गाठतो. चाळिशीत निदान झालेल्याला पुढची तीस-चाळीस वर्षे डोळे आणि मूत्रपिंड जपायचे असतात. त्याने ढिलाई केलेली परवडणारी नाही.

उलट त्याच्या सत्तरीतल्या वडिलांना धोका असतो तो साखर उतरण्याचा. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. एकादशीला सकाळी नेहमीची गोळी घ्यायची आणि दिवसभर पोटात काही नाही, वर उन्हातली चाल. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळू लागतो. लोकांना वाटते, उपवासाने थकवा आला. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. उपवास करायचाच असेल तर गोळीचे काय करायचे, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळीही मागू नये.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. या सर्वांचा आकडा एक कसा असेल? पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'साखर बरी आहे ना' एवढ्यावर थांबू नका. 'माझ्यासाठी किती हवी, आणि त्याहून कमी झाली तर काय करू?' हेही विचारा. उत्तर रिपोर्टच्या पाठीमागे लिहून घ्या आणि घरातल्या एखाद्याला वाचून दाखवा.