व्हियेतनामी निर्वासित

व्हियेतनामी निर्वासित ही संज्ञा ३० एप्रिल १९७५ रोजी सैगॉन शहर पडल्यानंतरच्या दोन दशकांत व्हियेतनाम सोडून परदेशी स्थायिक झालेल्या लोकांसाठी वापरली जाते. त्यांपैकी समुद्रमार्गे निसटलेले लोक जगभर 'बोट पीपल' या नावाने ओळखले गेले. १९७५ ते १९९५ या काळात सुमारे ८ लाख लोक नौकांतून शेजारी देशांच्या किनाऱ्यांवर पोहोचले. बुडून, तहानभुकेने किंवा चाच्यांच्या हल्ल्यांत वाटेतच मरण पावलेल्यांची मोजदाद झालेली नाही. आज या समाजाच्या मोठ्या वसाहती अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व फ्रान्स येथे आहेत. त्यांतील बहुतेक जण ज्या दक्षिण व्हियेतनामचे नागरिक होते, ते राष्ट्रच पुढे अस्तित्वात राहिले नाही. त्यांच्या नव्या ओळखीवर या गोष्टीचा खोल ठसा आहे.

पलायन

पहिल्या लाटेत, १९७५ मध्ये, सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत गेले. त्यांत लष्करी अधिकारी, सरकारी नोकर व त्यांची कुटुंबे यांचा भरणा होता. १९७८ मध्ये दक्षिणेतील खाजगी व्यापार बंद करण्यात आला व चीनशी संबंध बिघडले, तेव्हा चिनी वंशाचे व्यापारी मोठ्या संख्येने बाहेर पडले. पुनर्शिक्षण छावण्यांतून सुटलेले कैदी, सक्तीची सैन्यभरती चुकवणारे तरुण आणि मच्छीमारही निघाले. मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग या छोट्या बेटावर १९७९ मध्ये सुमारे ४० हजार माणसे दाटीवाटीने राहत होती. त्याच वर्षी जूनमध्ये आसियान देशांनी नवे निर्वासित घेण्यास नकार दिला. जुलैमध्ये जिनिव्हा येथे ६५ देशांची परिषद भरली व पाश्चात्त्य देशांनी आपला वाटा वाढवला. १९८९ नंतर मात्र प्रत्येकाला निर्वासितपण सिद्ध करावे लागले, आणि सुमारे १ लाख लोकांना व्हियेतनामला परतावे लागले.

विखुरणे आणि एकत्र येणे

एकाच ठिकाणी गर्दी होऊ नये, म्हणून अमेरिकी शासनाने या कुटुंबांना देशभर विखुरण्याचे धोरण स्वीकारले. पेंडलटन, फोर्ट चॅफी, फोर्ट इंडियनटाउन गॅप व एग्लिन या चार तळांवरून प्रायोजक मिळेल तसतशी कुटुंबे बाहेर पडत. हे प्रायोजक बहुधा चर्च किंवा स्थानिक कुटुंबे असत. कधी एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या प्रायोजकांकडे गेली. 'द सिम्पथायझर' या कादंबरीसाठी २०१६ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे व्हिएत थान्ह न्युएन यांना चार वर्षांचे असताना अशाच रीतीने काही काळ आईवडिलांपासून दूर राहावे लागले.

हे धोरण टिकले नाही. काही वर्षांतच लोक स्वखर्चाने पुन्हा एकत्र आले. कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर येथील बोल्सा अव्हेन्यूवर दुकाने, खानावळी व वृत्तपत्रे उभी राहिली आणि १९८८ मध्ये त्या भागाला 'लिटल सैगॉन' हे अधिकृत नाव मिळाले. सैगॉनचे नाव मायदेशात १९७६ मध्येच बदलले होते.

कॅनडाने वेगळी पद्धत अवलंबिली. १९७९–८० मध्ये तेथे आलेल्या सुमारे ६० हजार इंडोचिनी निर्वासितांपैकी निम्म्याहून अधिक जणांची जबाबदारी नागरिकांच्या गटांनी व धार्मिक संस्थांनी घेतली. याबद्दल १९८६ मध्ये कॅनडाच्या जनतेला नान्सेन पदक देण्यात आले.

उपजीविका

शिक्षण व हुद्दे नव्या देशात बहुधा निरुपयोगी ठरले. ज्या कामांना भाषा कमी लागते ती लोकांनी धरली. १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रेन यांनी वीस स्त्रियांना नखे रंगवण्या-सजवण्याचे प्रशिक्षण मिळवून दिले. पुढे नात्यागोत्यातून हे कौशल्य पसरत गेले आणि अमेरिकेतील या व्यवसायात व्हियेतनामी लोक आघाडीवर आले.

टेक्ससच्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्यांचा अनुभव अधिक कटू होता. स्थानिक मच्छीमारांशी स्पर्धा वाढली, व्हियेतनामी लोकांच्या नौका जाळल्या गेल्या आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने शस्त्रे घेऊन दहशत बसवली. व्हियेतनामी मच्छीमारांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली व १९८१ मध्ये क्लॅनविरुद्ध मनाई हुकूम मिळवला.

नाव, भाषा व पिढ्या

व्हियेतनामी पद्धतीत आडनाव आधी व व्यक्तिनाम शेवटी येते, आणि विवाहानंतरही स्त्रीचे आडनाव बदलत नाही. नव्या देशांच्या अर्जांवर नावांचा क्रम उलटला, अनेक स्त्रियांना पतीचे आडनाव लागले आणि स्वरचिन्हे गळाल्याने निरनिराळी नावे सारखीच दिसू लागली. 

भाषेचा प्रश्न याहून अवघड ठरला. व्हियेतनामी भाषेत 'मी' आणि 'तू' यांची जागा बहुधा नात्याचे शब्द घेतात. बोलणारा आईवडिलांशी स्वतःला 'कॉन' म्हणजे मूल म्हणवतो, तर थोरल्या भावंडाशी 'एम' म्हणजे धाकटे भावंड. इंग्रजीत वाढलेल्या मुलांच्या तोंडून हे शब्द गेले, तेव्हा वडीलधाऱ्यांना केवळ भाषाच नव्हे तर आपले घरातील स्थानही गेल्यासारखे वाटले. याउलट, मुलेच आईवडिलांची दुभाषी झाल्याने बँकेत व दवाखान्यात घराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

स्मृती आणि राजकारण

३० एप्रिल हा दिवस व्हियेतनाममध्ये विजयदिन, तर निर्वासितांमध्ये शोकदिन आहे. तीन तांबड्या पट्ट्यांचा पिवळा ध्वज आजही त्यांच्या सभांत फडकतो. २००३ मध्ये वेस्टमिन्स्टर शहराने त्याला मान्यता दिली. त्याआधी, १९९९ मध्ये, तेथील एका दुकानदाराने हो चि मिन्ह यांचे चित्र लावले, तेव्हा हजारो लोक कित्येक आठवडे निदर्शने करत होते. मुक्त अभिव्यक्तीसाठी देश सोडलेल्यांनी दुसऱ्याची अभिव्यक्ती रोखावी का, हा वाद त्या वेळी समाजाच्या आतही झाला.

जर्मनीत ही फूट आणखी स्पष्ट दिसते. पश्चिम जर्मनीत बोट पीपल आले होते, तर पूर्व जर्मनीत साम्यवादी व्हियेतनामने पाठवलेले कंत्राटी कामगार. १९९० च्या एकीकरणानंतर दोघे एकाच देशाचे रहिवासी झाले, तरी दोन्ही समाज बराच काळ एकमेकांपासून अंतर राखून राहिले.

२००५ मध्ये माजी निर्वासितांनी बिडाँग आणि इंडोनेशियातील गालांग या जुन्या छावण्यांना भेट देऊन समुद्रात मेलेल्यांसाठी स्मारकशिला बसवल्या. व्हियेतनाम सरकारच्या आक्षेपानंतर त्याच वर्षी त्या हटवण्यात आल्या. गालांग येथील निर्वासितांची दफनभूमी मात्र कायम असून परदेशांत स्थायिक झालेले नातेवाईक आजही तेथे येतात.