डासाचं नाव, डासाचं गाव

गेल्या जुलैत एका सकाळी काउंटीच्या डास खात्याचा माणूस दारात उभा राहिला. आळीत कुणीतरी तक्रार केली होती. हातात लांब दांड्याचं, आपल्या ओगराळ्यासारखं पांढरं भांडं आणि खिशात छोट्या बाटल्या. त्याने गटर पाहिलं, मुलांची घसरगुंडी पाहिली आणि डेकवरच्या तुळशीपाशी येऊन थांबला. कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. सौ. कानकोंडी झाली. पाहुण्याने मात्र शांतपणे थोडं पाणी बाटलीत भरलं आणि म्हणाला, "कोणत्या जातीच्या आहेत, ते ऑफिसात बघून सांगतो."

मला हसूच आलं. डास म्हणजे डास! त्याची कसली जातपात विचारायची? तो म्हणाला, "न्यू जर्सीत साठाहून जास्त जाती आहेत, आणि प्रत्येकीचं घर वेगळं." मंडळी, त्या एका वाक्यापायी मी महिनाभर लायब्ररीत जाऊन बसलो. हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात आपल्याच देशातून करू. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले, हे आपण शाळेत शिकलो. पण गंमत अशी, की तो डास कोणता हे रॉसला नीटसं सांगता येत नव्हतं. त्याच्या लेखी तो नुसता ठिपकेदार पंखांचा डास. गुन्हेगार सापडला, पण त्याचं नाव-गाव ठाऊक नाही, अशातली गत.

हे नाव-गाव शोधायचं काम आपल्या न्यू जर्सीत फार निष्ठेने झालं. ते करणारे गृहस्थ म्हणजे जॉन बर्नहार्ड स्मिथ. जन्म 1858 चा, मूळ पेशा वकिलीचा. किडेमुंग्यांच्या नादाने वकिली सुटली आणि 1889 साली ते न्यू ब्रन्सविकला रटगर्समध्ये कीटकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा 'जर्सीचे डास' हा देशभर थट्टेचा विषय होता. समुद्रकाठच्या जमिनीला डासांपायी भाव नव्हता.

साउथ ऑरेंजसारख्या गावांतले उत्साही रहिवासी तेव्हा घरोघरची पिंपं झाकत होते, डबक्यांवर रॉकेल ओतत होते. आणि तरी काही संध्याकाळी डासांचे थवे यायचेच. लोक म्हणू लागले, हे सगळं थोतांड आहे. स्मिथसाहेबांनी ते डास पकडून भिंगाखाली धरले. पिंपातला डास साधा तपकिरी, घराच्या आसपास राहणारा क्युलेक्स. थव्याने येणाऱ्याच्या सोंडेवर आणि पायांवर पांढरे पट्टे. हा वेगळाच प्राणी होता : एडिस सॉलिसिटन्स, खाऱ्या दलदलीतला. त्याची मादी अंडी पाण्यात घालत नाही, दलदलीतल्या ओल्या चिखलात घालते. मोठी भरती आली की अंडी फुटतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत लाखो डास एकदम उडतात. ते वाऱ्याबरोबर कित्येक मैल आत येतात, हे साहेबांनी दाखवून दिलं. म्हणजे गावकऱ्यांची मेहनत खोटी नव्हती, पत्ता चुकला होता. चोर समुद्रकाठचा आणि झडती घरातली!

साहेब आणि त्यांचे मदतनीस राज्यभर हिंडले. दलदली, डबकी, झाडांच्या ढोल्या सगळं तपासलं. दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्समध्ये किडे खाणारी एक सुरईसारखी वनस्पती होते. फक्त तिच्या पानात साठलेल्या पाण्यात वाढणारा एक डास निघाला, त्याला स्मिथसाहेबांचंच नाव मिळालं : वायोमिया स्मिथाय. बिचारा इकडे माणसाला चावतसुद्धा नाही! या सगळ्याचा जवळजवळ पाचशे पानांचा अहवाल 1904 चा आहे. 1912 साली साहेब वारले, आणि त्याच वर्षी प्रत्येक काउंटीत डासनिर्मूलन मंडळ नेमण्याचा कायदा झाला. दाराशी आलेला तो माणूस त्याच परंपरेतला.

पुढे त्यांच्या जागी आलेल्या टॉमस हेडली यांनी दिव्याचा सापळा बनवला. 'न्यू जर्सी लाइट ट्रॅप' म्हणून तो जगभर गेला. उजेडाला भुलून डास येतो, पंखा त्याला आत ओढतो, सकाळी जातवार मोजणी होते. अशा वर्षानुवर्षांच्या मोजणीतून कुठे, कधी, कोणता डास याचा नकाशा तयार होतो.

सगळंच गोड झालं असं नाही. दलदलीत मैलोन्‌मैल चर खणले गेले, त्यात पाणपक्ष्यांचं घर मोडलं. महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली. 1960 च्या दशकात शहाणपण आलं : सरसकट चर न खणता, अळ्या असतील तिथेच पाण्याला वाट करून द्यायची, म्हणजे छोटे मासे आत येऊन अळ्या खातात. तेही जमलं ते ठावठिकाणा माहीत होता म्हणूनच.

आपल्या मुंबईची कथाही तीच. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला. शहरातला अपराधी निघाला अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी, विहिरी आणि टाक्यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. त्यातून विहिरी बुजवायची, झाकायची मोहीम निघाली. विहिरीवर श्रद्धा असणाऱ्यांचा विरोधही झाला. जुन्या वाड्यांतल्या बुजवलेल्या विहिरींच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या होत्या, त्यामागे एक डास होता हे इथे, अमेरिकेत, कळलं!

आणि हे जुनं पुराण नव्हे. 1999 च्या उन्हाळ्यात पलीकडे क्वीन्समध्ये वेस्ट नाइल आला, न्यूयॉर्कच्या परिसरात सात माणसं दगावली. तेव्हा घराजवळचा तो 'साधा' क्युलेक्सच मुख्य संशयित ठरला. आमच्या ताटलीतला मात्र तिसराच. काउंटीच्या माणसाचा फोन आला : "एशियन टायगर." हा पट्टेरी डास 1985 साली टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ पाय रोवून बसलेला आढळला. आशियातून आलेल्या जुन्या टायरांतून आला असं मानतात. 1995 मध्ये तो न्यू जर्सीत सापडला. सौ. म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखाच, आशियातून आला आणि जर्सीत स्थायिक झाला!"

पण नाव कळल्याचा फायदा पाहा. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटतात, कोरडी राहूनही टिकतात, हिवाळाही काढतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून भागत नाही. तिकडे महापालिका सांगते ना, आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा? तो पाळाच, वर भांडं घासाही. आता थंडी पडली, तुळस घरात आली असेल. दिवाळीच्या साफसफाईत डेकवर राहिलेली ती ताटली तेवढी खसाखसा घासून पालथी घाला. पुढचा उन्हाळा सुखाचा जाईल.