एडलब्रॉक रोडस्टर (१९३२)

अमेरिकेतील हॉट रॉड शर्यतींच्या आरंभकाळातील एक ख्यातनाम मोटार. विक एडलब्रॉक (१९१३–१९६२) यांनी १९३८ मध्ये १९३२ सालची जुनी फोर्ड रोडस्टर विकत घेतली आणि ती स्वतःच्या हातांनी शर्यतीसाठी तयार केली. जुन्या, स्वस्त गाडीचे अनावश्यक वजन उतरवून आणि इंजिनाची ताकद वाढवून ती वेगवान करायची, या प्रकाराला हॉट रॉड म्हणतात. रोडस्टर म्हणजे पक्के छत नसलेली छोटी मोटार.

फोर्डने १९३२ मध्ये सर्वसामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिनाची मोटार बाजारात आणली. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची चैन होती. ३.६ लिटरचे हे इंजिन कारखान्यातून ६५ अश्वशक्तीचे येई. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असल्यामुळे वरचे हेड सपाट असे. म्हणून त्याला फ्लॅटहेड हे नाव पडले. ते तापायचे फार, कारण धुराच्या वाटा ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडत. पण ते साधे होते, सर्वत्र मिळत होते आणि त्यात सुधारणेला भरपूर वाव होता. मंदीच्या दिवसांत कॅलिफोर्नियातल्या तरुण मेस्त्रींना याहून अधिक काय हवे होते?

एडलब्रॉक त्यांच्यापैकीच एक. कॅन्सस राज्यातील एका लहान शेतकरी वस्तीत त्यांचा जन्म झाला. वडिलांचे किराणा दुकान आगीत गेले आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटली. विचिटा शहरातून खेडोपाडी मॉडेल टी गाड्या पोचवण्याचे काम मिळाले. कच्च्या रस्त्यांवर त्या वारंवार बंद पडत आणि दुरुस्ती वाटेतच करावी लागे. हाच त्यांचा पहिला वर्ग. १९३१ मध्ये ते कॅलिफोर्नियात आले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी स्वतःचे गॅरेज थाटले.

रोडस्टर हाती आल्यावर त्यांनी इंजिनाचा श्वास मोकळा करण्याकडे लक्ष दिले. मूळ इंजिनावर एकच कार्ब्युरेटर असे आणि वेग वाढला की त्यातून येणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण अपुरे पडे. टॉमी थिकस्टन या कारागिराच्या सोबतीने त्यांनी मॅनिफोल्डवर, म्हणजे हे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीवर, काम केले. पण त्या रचनेने त्यांचे समाधान झाले नाही. मग त्यांनी दोन कार्ब्युरेटर बसतील असा स्वतःचा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड ओतवून घेतला. तो ‘स्लिंगशॉट’ या नावाने प्रसिद्ध झाला.

त्याची परीक्षा मोहावी वाळवंटातल्या कोरड्या सरोवरांवर होई. हिवाळ्यात पाणी साचून सुकलेला चिकणमातीचा तळ उन्हाळ्यात मैलोगणती सपाट आणि टणक होतो. आरंभी अनेक गाड्या एकदम सुटत. पुढच्या गाडीच्या धुळीत मागच्या चालकाला काही दिसत नसे आणि अपघात होत. या खेळाला शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. तिची पहिली स्पर्धा १५ मे १९३८ रोजी म्युरॉक येथे झाली.

एडलब्रॉक यांची रोडस्टर आठवडाभर रस्त्यावर रोजच्या कामाला असे. शर्यतीच्या दिवशी ती सरोवरावर पोचली की मडगार्ड आणि समोरची काच काढायची आणि गाडी रेषेवर उभी करायची. १९४१ मध्ये तिने ताशी १२१ मैलांहून, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटरहून अधिक वेग नोंदवला. मूळ गाडी ताशी ऐंशी मैलांच्या आसपास जाऊन थकत असे. हा फरक प्रतिस्पर्ध्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यांनी एडलब्रॉककडे तसाच मॅनिफोल्ड मागायला सुरुवात केली. जाहिरातीवर खर्च न करता सुमारे शंभर स्लिंगशॉट विकले गेले.

लवकरच अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि शर्यती थांबल्या. म्युरॉकचा परिसर लष्करी विमानतळाकडे गेला. आज तेथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. युद्धानंतर शर्यतींचे केंद्र एल मिराज सरोवराकडे सरकले. एडलब्रॉक यांनी १९४६ मध्ये सुट्या भागांची पहिली सूचिपुस्तिका काढली आणि गॅरेजचे रूपांतर उद्योगात झाले.

या गाडीचे महत्त्व तिच्या वेगापेक्षा तिने घडवलेल्या व्यवसायात अधिक आहे. घरची मोटार, प्रयोगशाळा आणि फिरती जाहिरात ही तिन्ही कामे तिने एकटीने केली. एडलब्रॉक यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये कंपनीची सूत्रे त्यांचे पुत्र विक एडलब्रॉक धाकटे यांच्याकडे आली.