प्रथिनांचे असहसंयुजी स्थैर्य व लोणार सरोवर

प्रथिनाच्या रेणूतील ॲमिनो अम्लांची साखळी सहसंयुजी (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने होणाऱ्या) बंधांनी सांधलेली असते. परंतु तिची विशिष्ट त्रिमितीय घडी मुख्यत्वे असहसंयुजी परस्परक्रियांमुळे टिकते. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युत् भारांमधील आकर्षण, व्हान डर व्हाल्स प्रेरणा व जलविरोधी परिणाम हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. यांपैकी प्रत्येक क्रिया दुर्बल असली, तरी त्यांची संख्या मोठी असल्याने घडी स्थिर राहते.

लवणांचा प्रथिनांवरील परिणाम फ्रांट्स होफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये अंड्यातील प्रथिने वापरून अभ्यासला. घडी उलगडण्याचा संबंध ए. ई. मर्स्की व लायनस पॉलिंग यांनी १९३६ मध्ये हायड्रोजन बंध तुटण्याशी जोडला. पॉलिंग, आर. बी. कोरी व एच. आर. ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्ये याच बंधांवर आधारलेली अल्फा मळसूत्र संरचना मांडली. जलविरोधी परिणामाचे महत्त्व वॉल्टर कौझमन यांनी १९५९ मध्ये विशद केले. अणू परस्परांच्या फार जवळ येऊ शकत नसल्याने साखळीच्या वळणांवर पडणाऱ्या मर्यादा जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास येथे १९६३ मध्ये दाखविल्या.

या क्रियांची निसर्गातील कसोटी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात पाहावयास मिळते. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या, सु. १·८ किमी. व्यासाच्या या विवरातील पाणी खारट व क्षारधर्मी असून त्याचे पीएच मूल्य सु. १० आढळले आहे. क्षारप्रेमी जंतू आपल्या कोशिकेच्या आतील पीएच मूल्य कमी राखतात. मात्र त्यांनी बाहेर सोडलेल्या एंझाइमांना हे संरक्षण नसते. अशा पाण्यात लायसिनाचा धन भार घटू लागतो, तर आर्जिनिनाचा टिकून राहतो. क्षारप्रेमी जंतूंच्या काही प्रोटिएज एंझाइमांत लायसीन कमी व आर्जिनीन अधिक आढळते, ते यामुळेच. लोणारच्या जंतूंपासून मिळणाऱ्या प्रोटिएजांचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झाला आहे.

जून २०२० मध्ये पाणी आटून लवणता वाढली व सरोवर गुलाबी झाले. त्याचे कारण लवणप्रेमी आर्किया हे सूक्ष्मजीव व त्यांची कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये असल्याचे तपासणीत आढळले. अशा जीवांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋण भार पुष्कळ असतात. लवणातील धन आयन त्यांचे परस्पर प्रतिकर्षण कमी करतात. लवणता फार घटल्यास हे प्रतिकर्षण प्रबळ होऊन घडी उलगडते. त्यामुळे गोड्या पाण्याचा व सांडपाण्याचा अतिरिक्त ओघ रोखून सरोवराचे रासायनिक संतुलन राखणे, ही तेथील लवणप्रेमी जीवसृष्टीच्या अस्तित्वाची अट ठरते.