पांढरा म्हणजे 'चला'

नोकरीभर रात्रीच्या गाडीला हिरवी हातबत्ती दाखवली. पण विलायतेत रेल्वे सुरू झाली तेव्हा हिरवा म्हणजे 'जपून'. 'खुशाल या' हे सांगायला साधा पांढरा दिवा असे आणि लाल तेवढा धोक्याचा. ही व्यवस्था ज्याने ठरवली, त्याने रात्री इंजिनावर उभं राहून पाहिलं नसावं. लाल काच फुटली की मागची ज्योत पांढरी दिसणार, म्हणजे धोक्याचा सिग्नल आपोआप 'चला' म्हणणार! त्यात शहरांतून गॅसचे दिवे वाढले, तेही पांढरेच.

21 जानेवारी 1876 रोजी विलायतेतल्या ॲबट्स रिप्टन इथं हिमवर्षावात सिग्नलचे हात मोकळ्या स्थितीतच गोठले. केबिनवाल्याने दांडा धोक्यावर टाकला, पण दिवा पांढराच. स्कॉटलंडहून येणारी एक्स्प्रेस कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर लीड्सची एक्स्प्रेस. त्यानंतर सिग्नल एरवी धोक्यावरच ठेवायची रीत पडली. मोकळ्या रस्त्यासाठी हिरवा मात्र 1890च्या दशकात रुळला. माणसं मेल्याशिवाय नियमावली हलत नाही, हे रेल्वेत सगळीकडे सारखंच.

आमच्या जुन्या सिग्नलची 'हिरवी' काच हातात घेतली तर चक्क निळसर दिसे. रॉकेलची ज्योत पिवळी, ती निळसर काचेतून आली की हिरवी. बत्तीवाला शिडी चढून रोज काच पुसायचा, वात कापायचा. बोरीबंदर ते भायखळा विजेचे रंगीत सिग्नल 1928 सालीच आले होते. आडगावच्या स्टेशनांवर रॉकेल पुढे कितीतरी वर्षं जळत राहिलं.